घास उतरू लागला, म्हणून?

रायपूरहून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात जी मराठी कुटुंबे छत्तीसगडात गेली आणि तिथलीच होऊन राहिली, त्यांपैकी हे एक घर. पत्रातली मराठी मोठी गोड आहे. मधूनच हिंदी शब्द डोकावतात आणि ते खटकत नाहीत. मजकूर मात्र काळजीत टाकणारा आहे.

घरात सासरे आहेत, वय ६७. सूनबाई त्यांना मामंजी म्हणतात. काही महिन्यांपूर्वी मामंजींचा पोळीचा घास छातीत अडकू लागला. त्यांनी पोळी सोडली आणि वरणात कुस्करून खायला सुरुवात केली. मग नुसता मऊ भात, मग भाताची पेज. घरच्यांना वाटले, वय झाले, दात राहिले नाहीत, पित्त असेल. तिकडे उन्हाळ्यात रात्रभर पाण्यात भिजवलेला भात खातात, त्याला बासी म्हणतात. तीही उतरेना, तेव्हा दुर्बिणीने तपासणी झाली. तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला आणि अन्ननलिकेचा कॅन्सर असल्याचे कळले. हृदय थोडे कमकुवत असल्याने मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. म्हणून साडेपाच आठवडे किरणोपचार आणि जोडीला आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध, असा बेत ठरला. किरणोपचाराला तिकडे सिकाई म्हणतात. सूनबाईंनीही तेच लिहिले आहे.

तिसरा आठवडा संपता संपता घरात दिवाळी झाली. मामंजींनी वरणभात खाल्ला. दोन दिवसांनी दुधात कुस्करलेली पोळी खाल्ली आणि ताट स्वतःच्या हाताने मोरीत नेऊन ठेवले. आता ते म्हणतात, "मी बरा झालो. उरलेली सिकाई कशाला? नागपूरला भाचीचे लग्न आहे, दहा दिवस राहून येतो. मग पाहू." सासूबाईही त्यांच्या बाजूच्या. इतक्या दिवसांनी माणूस जेवतोय, त्याला पुन्हा त्या मशीनखाली कशाला झोपवायचे? त्यात दिरांनी मोबाइलवर कुठेतरी वाचले, की कॅन्सरच्या मुळाशी 'मूलपेशी' असतात. एका गावात मूलपेशींचीच इंजेक्शने मिळतात, असेही त्यांना कळले आहे. खर्च काही लाख. सूनबाई विचारतात, "ताई, दहा दिवसांची सुट्टी घेतली तर चालेल का? आणि ही मूलपेशींची भानगड काय आहे? त्या चांगल्या की वाईट?"

सूनबाई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. सुट्टी घेऊ नका. एक दिवससुद्धा स्वतःच्या मनाने बुडवू नका. गंमत अशी, की पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात दडले आहे. म्हणून ही मूलपेशींची भानगड जरा सविस्तर पाहू.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती चांगली ताणली जाते, आणि हाच तिचा गुण इथे घात करतो. आत गाठ वाढू लागली तरी उरलेली भिंत ताणून ती घासाला वाट करून देते. माणसाला अडकल्याचे जाणवते तोवर आतली वाट बरीच अरुंद झालेली असते. मामंजींनी पोळी सोडून भात धरला, भात सोडून पेज धरली. हा क्रम कोणाच्याही घरात दिसला, तर पित्ताच्या गोळ्या देत बसू नये. आधी घट्ट अन्न अडकणे, मग मऊ, मग पातळ, आणि सोबत वजन उतरणे, एवढे दिसले की दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

वाट अशी थोडक्यात अडलेली असते, म्हणून ती थोडक्यात मोकळीही होते. गाठ काही मिलिमीटर आक्रसली, भोवतालची सूज उतरली, की घास जाऊ लागतो. पण घास जाणे आणि गाठ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ढोबळ हिशेब मांडू. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत, म्हणजे बोराएवढ्या गाठीत, सुमारे शंभर कोटी पेशी असतात असे धरतात. उपचाराने त्यातल्या हजारात नऊशे नव्याण्णव मेल्या असे समजा. ऐकायला किती छान! पण दहा लाख अजून जिवंत आहेत. त्या दुर्बिणीतून दिसणार नाहीत, स्कॅनमध्ये दिसणार नाहीत, आणि पोळीला तर मुळीच अडवणार नाहीत.

आता प्रश्न असा, की या उरलेल्या दहा लाखांत सगळ्या सारख्याच असतात का?

शेतीचा थोडाफार संबंध आलेल्यांना लव्हाळा माहीत असेल. वरचे गवत उपटले की शेत स्वच्छ दिसते. आठ-पंधरा दिवसांनी पाहावे तो पुन्हा हिरवेगार. कारण जमिनीत त्याच्या बारीक काळ्या गाठी राहिलेल्या असतात. पात्याला नवा लव्हाळा करता येत नाही, गाठीला येतो. कॅन्सरच्या गाठीतही असेच काही असावे, अशी शंका शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होती. बहुतेक पेशी पात्यांसारख्या असतील. त्या काही काळ वाढतील आणि संपतील. पण थोड्या पेशी जमिनीतल्या गाठीसारख्या असतील, ज्यांना स्वतःसारखी नवी पेशी करता येते आणि सगळी गाठही पुन्हा उभी करता येते. या थोड्या पेशींना 'कॅन्सर मूलपेशी' हे नाव पडले.

मूलपेशी ही काही कॅन्सरची मिरास नव्हे. आपल्या अंगात त्या सगळीकडे असतात आणि त्यांच्यामुळेच आपण जगतो. अन्ननलिकेच्या आतले अस्तर रोजच्या घासांनी झिजते, वरचे थर सुटून जातात आणि तळाच्या थरातल्या पेशी सतत नवा माल पुरवतात. रक्ताचेही तसेच. हाडांच्या मगजात रक्ताच्या मूलपेशी असतात, हे कॅनडातील टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलक या जोडीने १९६१ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिले. त्याच टोरांटोत १९९४ मध्ये जॉन डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पाहिले, की रुग्णाच्या हरेक कॅन्सरपेशीला उंदरात रोग निर्माण करता येत नाही. मोजक्याच पेशींना येतो. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्तनाच्या कॅन्सरवर असाच प्रयोग झाला. पेशींच्या अंगावरच्या खुणा पाहून त्या निवडल्या, तर विशिष्ट खुणांच्या शंभरएक पेशी उंदरात गाठ उभी करत. बाकीच्या हजारोंच्या संख्येने टोचल्या तरी काही होत नसे.

या कामात आपल्याकडचे नावही घ्यायला हवे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये अशा मूलपेशींसारख्या पेशी दाखवल्या. त्यासाठी त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या पोटात साचलेल्या पाण्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल. आपल्या मुलींना गोष्टी सांगताना राजकन्यांच्या जोडीला या दोघींचीही सांगायला हरकत नाही.

अन्ननलिकेकडे हे संशोधन थोडे उशिरा वळले. मामंजींना जो प्रकार आहे, त्याला स्क्वॅमस म्हणतात. तो अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या पेशींपासून निघतो आणि आपल्या देशात तोच अधिक आढळतो. या गाठींत सीडी-४४, सीडी-९० अशा नावांच्या खुणा अंगावर असलेल्या पेशी चिवट निघतात, असे निरनिराळ्या प्रयोगशाळांना दिसले. सीडी-९० चे काम हाँगकाँगमध्ये झाले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही खूण असलेल्या पेशी गाठ तर उभी करतातच, शिवाय दुसरीकडे पसरण्याची ताकदही त्यांच्यात जास्त असते, असे त्यात आढळले.

आणि या पेशी मरत का नाहीत? कॅन्सरची बरीचशी औषधे विभागणाऱ्या पेशीला गाठतात. जी पेशी भराभर दुप्पट होते, ती आधी सापडते. मूलपेशीसारखी पेशी पुष्कळदा निपचित पडून राहते. घरावर दरोडा पडावा आणि पोटमाळ्यावर झोपलेला माणूस कोणाला दिसूच नये, तसे. दुसरे म्हणजे, काही पेशींच्या अंगात औषध बाहेर उपसून टाकणारे सूक्ष्म पंप असतात. नावेत शिरलेले पाणी नावाड्याने उपसावे, तसे त्या औषध बाहेर फेकतात. तिसरे, किरणांनी पेशीतला जनुकांचा धागा तुटतो, पण या पेशी तो सांधण्यात वाकबगार असतात. भरीला, गाठीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, आणि प्राणवायू कमी तिथे किरणांचा मारही कमी बसतो.

म्हणजे सूनबाई, उपचाराचे पहिले काही आठवडे मुख्यतः पात्यांवर जातात. शेत स्वच्छ दिसू लागते. मामंजी पोळी खाऊ लागतात. गाठींचा समाचार घ्यायचा, तो उरलेल्या आठवड्यांत.

दहा दिवस थांबल्याने काय बिघडते, तेही सांगते. किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना मूलपेशी हा शब्द प्रचारात येण्याच्या आधीपासून एक गोष्ट ठाऊक होती. डोक्यामानेकडच्या याच स्क्वॅमस जातीच्या कॅन्सरचा हिशेब मांडून विदर्स नावाच्या तज्ज्ञांनी १९८८ मध्ये ती आकड्यांत दाखवली. उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून वाचलेल्या पेशी खडबडून जाग्या होतात आणि पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढू लागतात. त्यानंतर उपचार एक दिवस लांबला, तर रोजच्या मात्रेचा सुमारे तिसरा हिस्सा केवळ त्या दिवसाची नवी वाढ मारण्यात खर्ची पडतो. म्हणजे दहा दिवसांच्या खंडाने रोजच्या तीनेक मात्रा पाण्यात जातात. आणि मामंजी नेमके चौथ्या आठवड्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत! मशीन बिघडले, ताप आला, रक्तातल्या पेशी उतरल्या, तर डॉक्टर स्वतःच खंड देतात आणि पुढे तो कसा भरून काढायचा हेही पाहतात. तो त्यांचा निर्णय. लग्नासाठी घेतलेली सुट्टी वेगळी.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर लव्हाळ्याचे उदाहरण खरे वाटून जाईल. लव्हाळ्यात गाठ ती गाठ आणि पाते ते पाते. कॅन्सरमध्ये तसे पक्के नसते. काही वेळा साधी पेशीच परिस्थितीच्या रेट्याने मागे फिरते आणि मूलपेशीसारखी वागू लागते. पात्याचीच गाठ व्हावी, असा तो प्रकार. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांचेही काही खरे नसते. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातच त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरवर आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर घेऊन प्रयोग झाला. तेव्हा दिसले, की साधारण चारातली एक पेशी गाठ उभी करू शकते. मग मूठभर मूलपेशी कुठल्या? म्हणून अमुक खूण म्हणजे मूलपेशी, असे छातीठोकपणे अन्ननलिकेबाबत कोणी सांगू लागला, तर थोडे सावध राहावे. पण मागे काहीतरी चिवट उरते आणि तेच परत येते, एवढ्याबद्दल दुमत नाही. उपचार पुरा करायला एवढे ज्ञान पुरेसे आहे.

आता दिरांचा मुद्दा. त्यांच्या धावपळीमागची माया मला कळते. पण नावाच्या साम्याने इथे मोठा घोटाळा केला आहे. मूलपेशींची इंजेक्शने देणारा माणूस ज्या मूलपेशींबद्दल बोलतो, त्या निरोगी शरीरातल्या. त्यांनी अन्ननलिकेतल्या कॅन्सर मूलपेशी मरतात, असे सिद्ध झालेले नाही. आपल्या देशात मूलपेशींचा सिद्ध झालेला उपचार आहे, तो मुख्यतः रक्ताच्या आजारांवर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये अस्थिमज्जेचे पहिले यशस्वी रोपण केले, तो हाच उपचार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ म्हटले आहे, की रक्ताशी संबंधित मान्य आजारांखेरीज इतर आजारांवर मूलपेशी वापरायच्या असतील, तर त्या फक्त मंजुरी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच वापराव्यात. आणि अशा चाचणीत रुग्णाकडून त्या औषधाचे लाखो रुपये उकळायचे नसतात. जो पैसे मागतो, त्याच्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. पुष्कळदा संभाषण तिथेच संपते.

मग कॅन्सरच्या मूलपेशींनाच मारणारे औषध निघाले नाही का? प्रयत्न झाले. नॅपाब्युकासिन नावाच्या औषधाचा पुष्कळ गाजावाजा झाला होता. जठराच्या आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या कॅन्सरच्या ७०० हून अधिक रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर ते देऊनही रुग्ण जास्त जगले नाहीत. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मरणे आणि माणसाच्या अंगात मरणे, यांत किती अंतर आहे ते अशा वेळी कळते. हळदीतल्या कर्क्युमिनचेही असेच गोडवे गायले जातात. वरणात हळद जरूर घाला, तिच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या काळात नकोत.

उपचार संपल्यावरही सूनबाईंना एक प्रश्न पडेल, म्हणून तो आताच घेते. गाठ दिसत नाही, घास उतरतो, मग पुन्हा पुन्हा दुर्बीण कशाला? नेदरलँड्समध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अन्ननलिकेच्या रुग्णांना आधी औषध व किरण दिले आणि मग शस्त्रक्रिया करून तो भाग काढला. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा स्क्वॅमस प्रकारच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. केवढी आनंदाची गोष्ट! पण उरलेल्या निम्म्यांत ती सापडली. पुढे त्याच देशात दुसरा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. उपचारानंतर तपासणीत ज्यांच्यात काहीच दिसले नाही, त्यांतल्या काहींवर लगेच शस्त्रक्रिया न करता फक्त बारीक लक्ष ठेवले. दोन वर्षांपर्यंत जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. मात्र लक्ष ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत गाठ त्याच जागी पुन्हा उगवली. ती वेळेवर कळली, कारण ठरल्या तारखेला दुर्बीण घातली जात होती. मामंजींचे शस्त्रक्रियेचे गणित वेगळे आहे, हे मला माहीत आहे. पण जिथे काही दिसत नाही तिथेही ते असू शकते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. डॉक्टर पुढच्या तपासणीच्या तारखा देतील, त्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. तिथे त्या कोणाच्याही नजरेतून सुटणार नाहीत.

पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे. मामंजी सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर गुडाखू लावतात, "पण ते काही खात नाहीत, नुसते दात घासतात." सूनबाई, माझे लक्ष तिथेच अडकले. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, गुडाखू म्हणजे तंबाखूची पूड उसाच्या मळीत कालवून केलेला काळपट लगदा. छोट्या डबीत मिळतो, बोटाने हिरड्यांना चोळतात. आपल्या मशेरीचा हा छत्तीसगडी भाऊबंद. माझी आजीही मशेरी लावायची आणि तीही असेच म्हणायची, मी कुठे तंबाखू खाते! पण चोळलेला तंबाखू लाळेत मिसळतो, लाळ गिळली जाते आणि पहिला शेक अन्ननलिकेला बसतो. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. जोडीला दारू असेल, मग ती मोहाची असो की बाटलीतली, तर धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडमधले ३९ टक्के प्रौढ तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत असल्याचे दिसले. बायकांतही चारातली एक. त्यात ओढणाऱ्या थोड्या, चोळणाऱ्या आणि चघळणाऱ्याच जास्त.

याचा मूलपेशींशी काय संबंध? सरळ संबंध आहे. अस्तराच्या वरच्या थरातली पेशी बिघडली तरी ती थोड्याच दिवसांत झडून जाते. बिघाड टिकतो तो तळाच्या, पुन्हा पुन्हा विभागणाऱ्या पेशीत, कारण तिची लेकरेही तोच बिघाड घेऊन जन्माला येतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी कॅन्सर नसलेल्या माणसांच्या अन्ननलिका तपासल्या. मध्यम वयापासून पुढे अस्तराचा मोठा भाग अशा बिघडलेल्या पेशींच्या कुटुंबकबिल्यांनी व्यापलेला होता. घाबरू नका, त्यांतल्या बहुतेक कुटुंबांपासून काहीच होत नाही. काही तर उलट, अधिक वाईट पेशींना जागा मिळू देत नाहीत. पण २०१९ मध्ये जपानमधील क्योटोच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की भरपूर धूम्रपान आणि मद्यपान करणाऱ्यांत हे बिघाड जास्त साचतात. म्हणजे डबी रोज उघडायची आणि तळाच्या पेशींची रोज परीक्षा पाहायची. उपचार चालू असतानाही ती उघडली जात असेल, तर एका हाताने निवडायचे आणि दुसऱ्या हाताने पेरायचे, असा प्रकार झाला. डबी आजच घराबाहेर जाऊ द्या. सासूबाईंचीही असेल तर तीही. पत्रात तसे लिहिलेले नाही, पण मला आपली शंका आली.

खाण्याबद्दल दोन शब्द. चौथ्या-पाचव्या आठवड्यात किरणांनी अन्ननलिकेचे अस्तर सोलवटते आणि गिळताना आग होते. आज पोळी खाणारे मामंजी पुन्हा पेजेवर आले, तर सिकाईने बिघडवले असे म्हणू नका. हा तात्पुरता त्रास आहे आणि त्यावर औषधे आहेत. तिखट, आंबट, कढत बंद. चहा कोमट करूनच द्या. पेजेत तूप घाला, मुगाचे पातळ वरण, दूध, साय, चालत असेल तर अंडे, असे थोडेथोडे दिवसातून सहा-सात वेळा द्या. वजन दर आठवड्याला करा. ते झपाट्याने उतरू लागले, तर नाकातून बारीक नळी घालून अन्न देण्याचा विचार डॉक्टर करतील. त्याला घाबरून नाही म्हणू नका. उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण उपासमार हेच असते.

पूर्वी छत्तीसगडातले रुग्ण उपचारासाठी नागपूर गाठत, नाहीतर हावडा-मुंबई गाडीने थेट परळ, आणि मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आजही पुष्कळ जण तसे येतात. पण रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आंबेडकर रुग्णालयात, ज्याला सगळे मेकाहारा म्हणतात, कॅन्सरचा विभाग बऱ्याच वर्षांपासून आहे. २०१२ मध्ये तिथे एम्स सुरू झाले आणि २०१८ मध्ये नव्या रायपूरात बाल्कोचे कॅन्सर रुग्णालयही उभे राहिले. शिवाय आयुष्मान कार्ड असेल तर खर्चाचा भार हलका होतो. रोज घरून जाऊन संध्याकाळी स्वतःच्या गादीवर झोपायला मिळणे, हे भाग्य परळच्या फुटपाथवर ज्यांनी रात्री काढल्या त्यांना विचारावे.

राहता राहिले भाचीचे लग्न. सूनबाई, तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे, की लग्न रविवारी आहे. मग एवढा वाद कशासाठी? सिकाई साधारणपणे सोमवार ते शुक्रवार असते. रायपूर ते नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर, सकाळी गाडीत बसले तर दुपारपर्यंत पोहोचता येते. शुक्रवारची सिकाई झाली की डॉक्टरांना भेटा, रक्त तपासून घ्या. पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक असेल आणि त्यांनी होकार दिला, तर शनिवारी निघा. मामंजींना गर्दीत मास्क लावा, पंगतीत न बसवता आत खोलीत कोमट खीर द्या, अक्षता टाकू द्या. रविवारी रात्री घरी. सोमवारी पुन्हा मशीन. आकडा कमी निघाला, तर मात्र लग्न मोबाइलवरच पाहायचे. भाची समजून घेईल.

जायचे ठरलेच, तर परतीचे तिकीट आजच काढून ठेवा.